एक फुलपाखरू, दोन नावे

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे हे घाटाखालचे गाव. इथे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑगस्टमध्ये बांधावरचे गवत कमरेला लागते. दिवाळीनंतर तेच गवत पिवळे पडते, फाल्गुनात रानातल्या सागाची पाने गळून पडतात आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. एकाच जमिनीची ही दोन रूपे आपल्या इतकी ओळखीची आहेत, की त्यांचे आपल्याला काही वाटत नाही.

या दोन ऋतूंत संध्याकाळच्या वेळी गोठ्याजवळ, बांधावर किंवा घरातल्या दिव्याभोवती एक तपकिरी फुलपाखरू येते. ऑगस्टमध्ये पकडलेल्या फुलपाखराचे पंख मिटलेले असताना पाहिले, तर फिकट पार्श्वभूमीवर बारीक नागमोडी रेघा आणि पंखांच्या कडेने ओळीने मांडलेले डोळ्यांसारखे गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याला पिवळसर कडे, आत काळा गोल आणि मध्ये पांढरा बिंदू. जानेवारीत पकडलेल्या फुलपाखराच्या पंखांवर हे डोळे जवळजवळ नसतात. त्याचा रंग वाळक्या पानाचा, कधी राखाडी, कधी तांबूस, कधी काळपट डागांचा. पुढच्या पंखाचे टोकही अधिक बाकदार. ते पाचोळ्यात बसले की दिसत नाही, आणि पाय पडेपर्यंत उडत नाही.

ही फुलपाखरे एका जातीची की दोन? हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहावा. बहुतेक मुले दोन म्हणतील. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनीही शंभराहून अधिक वर्षे हेच उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते हे कसे कळले, त्याचा हा इतिहास आहे.

जाती आणि प्रजाती

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. मराठी विज्ञानलेखनात एका प्रकारच्या जीवांच्या गटाला ‘जाती’ आणि जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाला ‘प्रजाती’ म्हणतात. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. आपल्या या फुलपाखराचे शास्त्रीय नाव मेलानायटिस लीडा. मेलानायटिस ही प्रजाती आणि लीडा ही त्यातली एक जाती. या प्रजातीत जगभर सुमारे बारा जाती आहेत. त्या आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या बेटांवर पसरलेल्या आहेत. भारतात त्यांपैकी तीन आहेत : लीडा, फेडिमा आणि झिटेनियस. फेडिमा गर्द सावलीच्या जंगलात, झिटेनियस दक्षिणेकडच्या सह्याद्रीत आणि हिमालय-ईशान्येकडच्या दमट रानांत. लीडा मात्र आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळीकडे, आणि भारतात तर जवळजवळ प्रत्येक गावात.

ते सांजवेळी उडते म्हणून या लेखापुरते आपण त्याला ‘सांजतपकिरी’ म्हणू. फुलांवर ते क्वचितच जाते. सडकी फळे आणि झाडातून पाझरणारा रस हे त्याचे खाणे. अळी गवतावर वाढते. भात, ज्वारी, ऊस ही पिकेही गवतांच्याच कुळातली, म्हणून तिथेही ती सापडते. अळी हिरवी असते आणि डोक्यावर दोन शिंगे असतात.

जहाजाने गेलेले पंख

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची दोन शब्दांची नावे जी आज जगभर मानली जातात, त्यांची सुरुवात या आवृत्तीपासून धरतात. लिनियसने त्या वेळी माहीत असलेली सगळी फुलपाखरे ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातली. त्या १९२ जाती होत्या. एवढ्या जातींना नावे कुठून आणायची? त्याने ग्रीक-रोमन पुराणांतली पात्रे घेतली. आशियातून आलेल्या एका तपकिरी फुलपाखराला स्पार्टाच्या राणीचे नाव मिळाले : पॅपिलिओ लीडा.

सतरा वर्षांनी, १७७५ मध्ये, ऍमस्टरडॅमच्या पीटर क्रामर या व्यापाऱ्याने परदेशी फुलपाखरांचा एक रंगीत चित्रांचा ग्रंथ काढायला सुरुवात केली. डच व्यापारी जहाजांनी आणलेले कीटक हॉलंडमधल्या हौशी श्रीमंतांच्या पेट्यांत साठत होते. क्रामर त्यांची चित्रे काढून घेत असे आणि नावे देत असे. त्याने एका फुलपाखराला नाव दिले पॅपिलिओ इस्मीनी. इस्मीनी ही ग्रीक नाटकांतल्या ईडिपस राजाची मुलगी. त्याच साली लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने ऑस्ट्रेलियातून आलेल्या अशाच फुलपाखराला जोसेफ बँक्स या प्रवासी निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून तिसरे नाव दिले. पुढे १८०७ साली फॅब्रिशियसनेच ही तपकिरी मंडळी पॅपिलिओतून बाजूला काढून मेलानायटिस ही स्वतंत्र प्रजाती केली.

यानंतरच्या काळात डोळे असलेले फुलपाखरू म्हणजे लीडा आणि डोळे नसलेले, वाळक्या पानासारखे ते इस्मीनी, अशी विभागणी रूढ झाली. संग्रहालयाच्या पेट्यांत त्यांचे दोन वेगवेगळे रकाने झाले.

या लोकांना अडाणी म्हणणे योग्य होणार नाही. त्यांच्यासमोर काय होते ते पाहा. टाचणीला टोचलेले, सुकलेले एक फुलपाखरू आणि त्याखाली ‘आशिया’ किंवा ‘ईस्ट इंडिज’ एवढीच चिठ्ठी. कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात पकडले, हे सहसा लिहिलेले नसे. फुलपाखराचा देश बोटीतून युरोपात गेला, पण त्याचा ऋतू मागेच राहिला. आणि जिथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि उन्हाळ्यात गवत हिरवे असते, त्या देशातल्या माणसाला पावसाळा आणि कोरडा काळ यांतला फरक चिठ्ठीत लिहायला हवा, हे सुचणेही कठीण होते.

नावांचे पीक

एकोणिसाव्या शतकात भारतातून लंडनला जाणाऱ्या कीटकांच्या पेट्या वाढल्या. सैन्यातले, वनखात्यातले, महसूल खात्यातले इंग्रज अधिकारी फावल्या वेळात फुलपाखरे जमवीत. ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनमध्ये संग्रहालय होते आणि तिथे फ्रेडरिक मूर हा कीटकतज्ज्ञ काम करीत होता. मूर अत्यंत कष्टाळू होता. भारतीय फुलपाखरांना त्याच्याइतकी नावे क्वचितच कोणी दिली असतील. ग्रीक नावे संपत आली म्हणून की काय, त्याने आपल्याकडची नावेही घेतली. १८५७ साली त्याने दिलेले ‘वराह’ हे नाव आज दक्षिण भारतातल्या फेडिमाच्या उपजातीला लावतात. ‘लेपिडॉप्टेरा इंडिका’ हा त्याचा अनेक खंडांचा ग्रंथ १८९० पासून निघू लागला आणि तो १९०७ मध्ये वारल्यानंतर चार्ल्स स्विन्हो याने पुरा केला.

मूरची रीत अशी, की पंखावरच्या खुणेत थोडा फरक दिसला की वेगळी जाती. सांजतपकिरीच्या नात्यातली ‘मायकॅलेसिस’ नावाची लहान तपकिरी फुलपाखरांची प्रजाती आहे. तीही आपल्याकडे झुडपांच्या सावलीत, जमिनीलगत उडताना दिसते. १८८० साली मूरने या एका प्रजातीवर लेख लिहून तिच्यातून अनेक नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. या फुलपाखरांतही पावसाळ्यात ठळक डोळे आणि कोरड्या काळात नुसते टिंब असा फरक असतो. त्यामुळे एकाच जातीला दोन-दोन नावे मिळण्याची शक्यता दुप्पट झाली.

सातपुडाही या नावांच्या पिकातून सुटला नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जो सातपुडा लागतो, त्याच रांगांत पूर्वेला पचमढी आहे. तिथल्या मेलानायटिसला १८८७ मध्ये बेथम नावाच्या संग्राहकाच्या नावावरून ‘बेथमी’ हे नाव मिळाले. आज ती फेडिमाचीच उपजाती मानली जाते. नाव देणारा होता लायोनेल द निसेव्हिल. हाच माणूस आपल्या गोष्टीत पुढे महत्त्वाचा आहे.

युरोपातला धडा

ऋतूंप्रमाणे फुलपाखरू रूप बदलू शकते, हे आधी युरोपातच सिद्ध झाले. तिथे एक लहान फुलपाखरू वसंतात नारिंगी आणि उन्हाळ्यात काळे-पांढरे दिसते. लिनियसने १७५८ च्या त्याच ग्रंथात त्यांना लेव्हाना आणि प्रोर्सा अशी दोन नावे दिली होती. पुढे लोकांनी ती पाळून पाहिली, तेव्हा नारिंगी फुलपाखराच्या अंड्यांतून काळी फुलपाखरे निघाली. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान याने उन्हाळी पिढीचे कोष थंडीत ठेवले आणि त्यांतून वसंतातल्या रूपाची किंवा दोहोंच्या मधली फुलपाखरे मिळवली. त्याचे पुस्तक १८७५ साली निघाले. इंग्रजी भाषांतराला चार्ल्स डार्विनने प्रस्तावना लिहिली. या घटनेला आपण ‘ऋतुनिष्ठ द्विरूपता’ म्हणू : म्हणजे एकाच जातीची ऋतूप्रमाणे दोन रूपे.

पण युरोपातले ऋतू थंडी आणि ऊन यांचे. आपल्याकडे फरक पडतो तो ओल्या आणि सुक्या काळाचा. इथेही तसेच घडत असेल का? लंडनच्या पेट्यांत याचे उत्तर नव्हते. ते जिथे फुलपाखरू जगते तिथेच मिळणार होते.

कलकत्त्यातले पिंजरे

लायोनेल द निसेव्हिल १८७० च्या सुमारास तरुणपणी भारतात आला. तो सरकारी कचेरीत कारकून होता. १८८१ पासून त्याने स्वतःला कीटकांच्या अभ्यासाला वाहून घेतले. त्याने मार्शल या लष्करी अभियंत्याबरोबर भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्या फुलपाखरांवर मोठा ग्रंथ लिहायला घेतला. हे लिहिताना त्याला पदोपदी तीच अडचण येई : ही जाती खरी की नुसते ऋतूचे रूप?

त्याने एक साधी गोष्ट केली. कलकत्त्याच्या आसपास मिळणाऱ्या तपकिरी फुलपाखरांच्या माद्या पकडल्या, त्यांना गवत देऊन अंडी घालू दिली, अळ्या वाढवल्या, कोषांतून निघालेली फुलपाखरे आईशी ताडून पाहिली. हे काम त्याने वेगवेगळ्या महिन्यांत केले आणि १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. लेखाच्या मथळ्यातच ऋतुनिष्ठ द्विरूपतेचा उल्लेख होता, आणि ती ‘असल्याचे म्हटले जाते’ असा सावध शब्द होता. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता. ज्यांना दोन जाती म्हटले होते, ती आई आणि मुले होती.

या प्रयोगाला दुर्बीण लागली नाही, प्रयोगशाळा लागली नाही. गवत, जाळी आणि रोज लिहिलेली वही लागली. पण ती वही वर्षभर लिहावी लागली. दोन रूपे एका आईची आहेत हे नुसत्या पाहण्याने कितीही सूक्ष्म निरीक्षण केले तरी सिद्ध होत नाही. वंश पाहावा लागतो. पुढे १९४२ साली अर्न्स्ट मायर याने जातीची जी व्याख्या मांडली, ती याच विचारावर उभी आहे : जाती म्हणजे एकसारखे दिसणाऱ्यांचा गट नव्हे, तर आपसांत प्रजनन करणाऱ्यांचा गट. आपल्या पाठ्यपुस्तकांतली ही व्याख्या मुले पाठ करतात. सांजतपकिरीची गोष्ट सांगितली तर तिचा अर्थही त्यांना कळेल.

द निसेव्हिल पुढे सरकारचा कीटकतज्ज्ञ झाला, पण त्याच वर्षी, डिसेंबर १९०१ मध्ये, हिवतापाने वारला.

मुंबई इलाख्यातली मंडळी

आपल्याकडेही याच काळात काम सुरू झाले होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. लेपिडॉप्टेरा इंडिका पुरा करणारा कर्नल स्विन्हो आणि सोसायटीचा पहिला चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही त्यांत होते. एटकेनचा जन्म साताऱ्याचा. मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात जाण्यापूर्वी तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत असे.

स्विन्होने १८८५ मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरांची व पतंगांची यादी प्रसिद्ध केली. पण पाळण्याचे मोठे काम झाले ते कारवारला. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे एटकेन, वनखात्यातला थॉमस बेल आणि मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन हे तिघे एकत्र आले. डेव्हिडसनने त्यापूर्वी आपल्या शेजारच्या खानदेशात काम करताना तिथल्या पक्ष्यांची यादी केली होती. या तिघांनी शेकडो जातींच्या अळ्या शोधून वाढवल्या आणि कोणती अळी कोणत्या झाडावर, कोष कसा, हे टिपून सोसायटीच्या नियतकालिकात १८९६-९७ मध्ये छापले. बेल निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिला आणि १९४८ साली तिथेच वारला.

या कामांमुळे विसाव्या शतकातल्या ग्रंथांचे रूपच बदलले. जातीच्या नावाखाली ‘पावसाळी रूप’ आणि ‘कोरड्या ऋतूचे रूप’ अशी दोन वर्णने येऊ लागली. १९५७ साली सोसायटीने भारतीय फुलपाखरांवरचे जे प्रसिद्ध पुस्तक काढले, त्याचे लेखक विंटर-ब्लिथ हे राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य होते. एका शिक्षकाने लिहिलेले हे पुस्तक कित्येक दशके भारतातल्या फुलपाखरू-अभ्यासकांच्या पिशवीत होते.

आणि इस्मीनीचे काय झाले? जातीचे नाव म्हणून ती आता उरली नाही. एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर आधी दिलेले नाव टिकते, हा नियम आहे. १७५८ ची लीडा राहिली, १७७५ ची इस्मीनी लीडाच्या समानार्थी नावांच्या यादीत गेली. मूरची मात्र सगळीच नावे बुडाली असे नाही. मायकॅलेसिसमधून त्याने वेगळी केलेली ‘टेलिंगा’ ही प्रजाती पुढे कोणी मानीत नव्हते. २०१६ साली डीएनएच्या आधारे या गटाची नवी मांडणी झाली, तेव्हा ती पुन्हा वापरात आली. नावे ही मते असतात, नवा पुरावा आला की ती पुन्हा तपासावी लागतात.

डोळे कशासाठी?

दोन रूपे आहेत हे कळले, पण ती का? याचे उत्तर शोधायला आणखी शंभर वर्षे लागली. १९८४ साली पॉल ब्रेकफील्ड आणि टॉर्बेन लार्सेन यांनी उष्ण प्रदेशातल्या फुलपाखरांच्या ओल्या-सुक्या रूपांचा अर्थ लावला. १९८७ मध्ये ब्रेकफील्डने खास सांजतपकिरीवर लेख लिहिला.

विचार असा. पावसाळ्यात गवत हिरवे असते. त्यात तपकिरी फुलपाखरू कितीही लपले तरी उठून दिसते. शिवाय त्याला अंडी घालायची असतात, म्हणून हालचाल करावीच लागते. अशा वेळी पंखाच्या कडेला ठळक डोळे असले तर हल्ला करणारा शत्रू त्या डोळ्यांवर झेप घेतो. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. कोरड्या काळात परिस्थिती उलटी. जमिनीवर पाचोळा असतो, अळ्यांसाठी हिरवे गवत नसते. फुलपाखराला पुढच्या पावसापर्यंत महिनोन्‌महिने नुसते टिकून राहायचे असते. या गटातल्या अनेक जातींच्या माद्या या काळात अंडी घालणे थांबवतात. आता पाचोळ्यासारखे दिसणे आणि निश्चल बसणे हाच उपाय. तिथे पांढरा बिंदू असलेला डोळा म्हणजे पक्ष्याला दिलेले आमंत्रण.

हा नुसता तर्क राहिला नाही. मायकॅलेसिसचे आफ्रिकेतले एक नातलग प्रयोगशाळेत वाढवता येते. त्याच्या दोन्ही रूपांची प्रार्थना-कीटकांशी गाठ घालून २०१५ साली पाहिले, तेव्हा ठळक डोळे असलेली फुलपाखरे अधिक वाचली, कारण हल्ला पंखांच्या कडेवर झाला.

अळीला ऋतू कसा कळतो?

पंख कोषात तयार होतात. म्हणजे फुलपाखरू बाहेर येईल तेव्हा बाहेर गवत हिरवे असेल की वाळलेले, हे आधीच ठरवावे लागते. आफ्रिकेतल्या त्या फुलपाखरात ही सूचना मुख्यतः तापमानातून मिळते. अळ्या २७ अंश सेल्सियसला वाढवल्या तर मोठ्या डोळ्यांचे पावसाळी रूप येते आणि १७ अंशांना वाढवल्या तर कोरड्या ऋतूचे. अळीपणाच्या शेवटच्या टप्प्यातले तापमान महत्त्वाचे असते. उबेत त्या टप्प्यावर एका संप्रेरकाची पातळी अधिक राहते आणि त्यामुळे डोळे मोठे होतात. दोन्ही रूपांच्या जनुकांचा संच एकच असतो. तो वाचला कसा जातो, एवढाच फरक.

आता धामणगाव बढ्याकडे परत येऊ, कारण इथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आफ्रिकेच्या त्या भागात पावसाळा उबदार आणि कोरडा काळ गार सुरू होतो. आपल्याकडेही दिवाळीनंतर रात्री गार होतात आणि मागोमाग गवत वाळते. इथपर्यंत सूचना बरोबर आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मे हा वर्षातला सर्वांत तापलेला आणि सर्वांत कोरडा काळ आहे. म्हणजे ‘ऊब आली, हिरवे गवत येणार’ हा हिशेब इथे दोन महिने आधीच लागू शकतो. विहिरीच्या पाटाजवळ किंवा ओलिताच्या मक्यात मार्च-एप्रिलमध्ये एखादी अळी वाढली तर तिचे फुलपाखरू कोणते रूप घेईल? डोळे ठळक असतील तर त्याला वाळक्या रानात उतरावे लागेल.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. तापमान आणि पाऊस यांचे जे नाते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्यावर हे फुलपाखरू आपले रूप बेतते. हवामान बदलते आहे. हिवाळे उबदार झाले आणि पाऊस पुढे-मागे झाला तर सूचना आणि वास्तव यांची फारकत होईल. त्याच आफ्रिकी फुलपाखरावरच्या २०१८ मधल्या अभ्यासात असे दिसले, की ऋतूप्रमाणे बदलण्याची ही लवचीकता एका जातीत सर्वांची जवळजवळ सारखीच असते. म्हणजे नव्या परिस्थितीला अनुरूप असे वेगळे वागणारे फारसे कोणी नाही, ज्यांची निवड होऊन जाती सावरू शकेल. काल जी क्षमता तारक होती, ती उद्या अडचणीची ठरू शकते.

शाळेत करण्याजोगे काम

हा इतिहास ज्या साधनांनी घडला ती कोणत्याही शाळेत मिळतात. सुरुवात जुलैमध्ये करावी. गवताच्या पात्यांच्या मागच्या बाजूला लहान, गोल, चकचकीत अंडी किंवा शिंगे असलेली हिरवी अळी शोधावी. रुंद तोंडाच्या बरणीत गवत ठेवून तोंडाला मलमलचे फडके बांधावे. रोज ताजे गवत द्यावे, बरणी स्वच्छ करावी आणि उन्हात ठेवू नये. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पावसाळ्यात साधारण महिना लागतो.

वहीत पाच गोष्टी रोज लिहाव्यात : तारीख, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान, अळी काय खाते, कात केव्हा टाकली, कोष केव्हा झाला. फुलपाखरू निघाले की पंख मिटलेले असताना डोळे मोजावेत, शक्य झाल्यास मोबाइलने छायाचित्र घ्यावे, आणि ते संध्याकाळी सोडून द्यावे. हेच काम ऑक्टोबरमध्ये आणि जमल्यास मार्चमध्ये पुन्हा करावे. एका वर्गाने वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.

दर महिन्याला संध्याकाळी दिव्यावर आलेल्या फुलपाखरांत किती डोळ्यांची आणि किती बिनडोळ्यांची, एवढी मोजणी केली तरी चालेल. पाच-सात वर्षांनी त्या आकड्यांत काही सरकले का हे दिसेल. मधल्या रूपाची फुलपाखरेही सापडतील. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे यावर मुलांत वाद होतील. ते होऊ द्यावेत. लीडा आणि इस्मीनी यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही, हे त्या वादातूनच कळते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. कुठल्याही नोंदीवर गाव आणि तारीख दोन्ही लिहावी. क्रामरच्या पेटीतल्या चिठ्ठीवर महिना लिहिलेला असता तर इस्मीनीचा जन्म कदाचित झालाच नसता.